डॉक मार्टिन: 'सेव्हिंग ग्रेस'मधला मनमोकळा डॉक्टर आणि मालिकेतला तिरसट डॉक्टर एकच का?

ओंकार_र

मंडळी, 'डॉक मार्टिन' या ब्रिटिश मालिकेचे पहिले तीन सीझन लागोपाठ पाहून संपवले आणि मालिकेच्या प्रेमातच पडलो. मग कुणीतरी सुचवलं म्हणून 'सेव्हिंग ग्रेस' हा २०००चा ब्रिटिश सिनेमा लावला. नवऱ्याच्या मृत्यूनंतर कर्जात बुडालेली एक बाई माळीदादाच्या मदतीने घरच्या काचघरात गांजा पिकवते, अशी गोष्ट आहे. ब्रेंडा ब्लेथिनने अप्रतिम काम केलंय.

पण अर्ध्या तासात मी उठून बसलो. गावाचा डॉक्टर म्हणून समोर चक्क मालिकेतला डॉक्टर करणारा नट, मार्टिन क्लून्स! नाव डॉ. मार्टिन. गाव कॉर्नवॉलमधलं, समुद्राकाठचं, तेच चढ-उतार, तीच बंदराची वळणं. आणि हा डॉक्टर मित्रांबरोबर दारू पितोय, गांजाचे झुरके मारतोय, खिदळतोय. मालिकेतला डॉ. एलिंगहॅम तर असल्या माणसाला दवाखान्याच्या दारातूनच हाकलून देईल.

तर हा एकच माणूस आहे का? आधी सिनेमा की आधी मालिका? आणि एकच असेल तर त्याचा स्वभाव असा कसा पालटला? नीट माहिती असलेल्या कुणीतरी सविस्तर लिहा ना.

सदानंद_के

सिनेमा आधीचा. मालिका २००४ची. मधे स्काय वाहिनीचे दोन टीव्ही-चित्रपटही आहेत, ते सहसा कुणाला ठाऊक नसतात. मला विचाराल तर त्या दोन्हींतला डॉक्टर जास्त माणसातला होता. बाकी मंजिरीताई सांगतील, त्यांचा हा हातखंडा विषय.

मंजिरी_डेव्हन

ओंकार, प्रश्न वाचून राहवलं नाही. मी इथे नैऋत्य इंग्लंडमध्ये जीपी आहे, म्हणजे गावचा डॉक्टर जे काम करतो तेच माझं रोजचं काम. त्यामुळे ही मालिका माझ्यासाठी नुसती करमणूक कधीच नव्हती. जरा मोठं लिहिते.

थोडक्यात उत्तर असं: माणूस एक नाही, पण एकाच्या पोटातून दुसरा निघाला आहे.

'सेव्हिंग ग्रेस'मधल्या डॉक्टरचं पूर्ण नाव मार्टिन बॅमफर्ड. सिनेमा लिहिला मार्क क्राउडी आणि क्रेग फर्ग्युसन यांनी. तुम्ही ज्याला माळीदादा म्हणता तो मॅथ्यू म्हणजेच हा फर्ग्युसन, पुढे अमेरिकेत रात्रीचा टॉक शो चालवणारा. दिग्दर्शक नायजेल कोल. त्या वर्षी अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात प्रेक्षकांच्या पसंतीचा पुरस्कार सिनेमाला मिळाला. चित्रीकरणाचा मोठा भाग पोर्ट आयझॅक या उत्तर कॉर्नवॉलच्या कोळ्यांच्या गावातला. म्हणून तुम्हाला गाव ओळखीचं वाटलं, ते खरोखर तेच आहे.

बॅमफर्ड सिनेमात दुय्यम पात्र आहे. गोष्ट ग्रेसची. पण क्लून्सने तो असा काही उभा केला की या डॉक्टरभोवती वेगळं काही करावं असं निर्मात्यांच्या मनात आलं. मग स्कायसाठी दोन टीव्ही-चित्रपट झाले, २००१मध्ये 'डॉक मार्टिन' आणि २००३मध्ये 'डॉक मार्टिन अँड द लेजंड ऑफ द क्लूटी'. दिग्दर्शक बेन बोल्ट. गोष्ट काळाने सिनेमाच्या आधीची: बॅमफर्ड लंडनमधला यशस्वी प्रसूतितज्ज्ञ, बायकोचे त्याच्याच मित्रांशी संबंध आहेत हे कळतं, आणि तो सगळं टाकून लहानपणी पाहिलेल्या कॉर्नवॉलला येतो. गावचा डॉक्टर निघून जातो आणि हा ती जागा घेतो. असे आणखी भाग काढत काढत गोष्ट 'सेव्हिंग ग्रेस'पर्यंत आणून जोडायची, असा मूळ बेत होता.

दोन भागांनंतर स्कायबरोबरचा व्यवहार संपला. एवढंच. कुणाच्या डोक्यात वीज चमकली म्हणून तिरसट डॉक्टर जन्माला आलेला नाही, एक गिऱ्हाईक गेलं आणि दुसरं शोधावं लागलं म्हणून तो जन्माला आला.

दुसरं गिऱ्हाईक आयटीव्ही ही ब्रिटिश वाहिनी. त्यांना डॉक्टर हवा होता, गाव हवं होतं, क्लून्स तर हवाच होता. पण गावात आल्या आल्या मिसळून जाणारा माणूस नको होता. शहरी, खेड्यात घुसमटणारा, तिथे कुठेच न बसणारा माणूस हवा आणि गोष्टीचा रंग थोडा गडद हवा, असं त्यांचं म्हणणं. मग डॉमिनिक मिंगेला हा लेखक आला. ('इंग्लिश पेशंट'च्या अँथनी मिंगेलाचा धाकटा भाऊ.) त्याने डॉक्टरचा भूतकाळ नव्याने लिहिला आणि आजूबाजूची सगळी माणसं नवी उभी केली. बॅमफर्ड आडनाव गेलं, एलिंगहॅम आलं. मिंगेलाच्या रोमन स्पेलिंगची अक्षरं उलटसुलट मांडली की एलिंगहॅम तयार होतं, म्हणजे लेखकाने स्वतःची सहीच पात्रावर करून ठेवली आहे. गावही पोर्टवेन या काल्पनिक नावाचं झालं, खरं गाव मात्र पोर्ट आयझॅकच राहिलं.

निर्मिती बफलो पिक्चर्सची. निर्माती फिलिपा ब्रेथवेट ही क्लून्सची बायको. २ सप्टेंबर २००४ला पहिला भाग लागला. पहिल्या सीझनचे सहाच भाग होते आणि त्याच वर्षी ब्रिटिश कॉमेडी अवॉर्ड्समध्ये सर्वोत्कृष्ट कॉमेडी ड्रामाचा मान मिळाला.

आता स्वभाव कसा पालटला, या तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येते.

बॅमफर्ड जखमी मनाने गावात येतो आणि गाव त्याला कुशीत घेतं. छान आहे, पण दोन तासांत संपतं. त्याला बरं व्हायचं असतं, तो होतो. पुढे काय? एलिंगहॅमचं तसं नाही. तो लंडनमधला नावाजलेला व्हॅस्क्युलर (रक्तवाहिन्यांचा) सर्जन. एके दिवशी रक्त बघून त्याला मळमळायला लागतं, हात चालत नाहीत, आणि कारकीर्द बंद पडते. गावाकडे तो मायेपोटी येत नाही, दुसरं काही उरलेलं नसतं म्हणून येतो. लहानपणच्या सुट्या जिच्याकडे घालवल्या ती जोन आत्या तेवढी आपली. बाकी गाव त्याला गोंगाट वाटतं आणि गावाला तो उद्धट.

पहिल्याच भागातला विमानाचा प्रसंग आठवा. समोर बसलेल्या अनोळखी बाईच्या डोळ्यांकडे तो टक लावून बघत राहतो. ती अवघडते, चिडते. आणि त्याला मात्र तिच्या डोळ्यात काचबिंदू दिसलेला असतो. पुढे नेमणुकीच्या मुलाखतीला गेल्यावर निवड समितीत गावाची प्रतिनिधी म्हणून तीच बाई बसलेली! लुइसा ग्लासन. पुढच्या १८ वर्षांची सगळी मालिका या एका प्रसंगात आहे: त्याचं निदान बरोबर, वागणं चूक. तो माणसाकडे बघतो तेव्हा त्याला आजार आधी दिसतो.

आता इथे बॅमफर्डला बसवून बघा. तो हसून दोन शब्द बोलला असता, ओळख झाली असती, प्रसंग तिथेच मिटला असता.

माझ्या धंद्यातली गोष्ट सांगते. जीपीकडे पेशंटला साधारण दहा मिनिटं मिळतात. त्यातली सहा-सात मिनिटं माणूस भलतंच बोलतो आणि उठता उठता, दाराच्या मुठीवर हात ठेवून, खरी तक्रार सांगतो. ती वाट बघणं हेच अर्धं काम. एलिंगहॅम ती वाट बघतच नाही. 'काय होतंय? नेमकं सांगा. नाहीतर बाहेर जा.' मी ते बघताना दर वेळी अस्वस्थ होते, कारण त्याचं निदान माझ्यापेक्षा चांगलं असतं आणि तरी त्याच्या दवाखान्यात मी माझ्या आईला पाठवणार नाही. मिंगेलाने डॉक्टरकीचं हे दुखणं अचूक पकडलं. ते पकडायचं तर डॉक्टर तिरसट असणं भागच होतं.

ऋतुजा_एमबीबीएस

मंजिरीताई, फार सुंदर लिहिलंय. एक शंका. एवढी वर्षं ऑपरेशनं करणाऱ्या सर्जनला अचानक रक्ताचं भय बसेल का हो? की ते निव्वळ कथेसाठी? आमच्या बॅचमध्ये पहिल्या वर्षी चक्कर येणारे होते, पण महिन्या-दोन महिन्यांत सगळे सरावले.

मंजिरी_डेव्हन

ऋतुजा, प्रश्न रास्त आहे. रक्त, जखम, सुई यांचं भय बहुतेक लहानपणीच सुरू होतं, तीन-चार टक्के लोकांत ते आढळतं. भरात असलेल्या सर्जनला होणं विरळाच. पण मालिकेने ते हवेतून आणलेलं नाही. ऑपरेशनच्या आधी तो पेशंटच्या नातेवाईकांना भेटतो, आणि टेबलावरचं शरीर हे कुणाचं तरी माणूस आहे हे त्याच्या अंगावर येतं. तिथून बिनसतं. मला हे पटतं. ज्याने आयुष्यभर माणूस आणि अवयव यांच्यात भिंत बांधून ठेवली, त्याची भिंत पडली तर असंच काहीतरी होणार.

शरीराच्या बाजूनेही हे भय वेगळं आहे, तुला परीक्षेला उपयोगी पडेल. उंची, कोळी, साप यांच्या भयात छाती धडधडते, रक्तदाब चढतो, आणि माणूस सहसा बेशुद्ध पडत नाही. रक्ताच्या भयात आधी दाब किंचित चढतो आणि मग एकदम खाली येतो, नाडी मंदावते, डोळ्यांपुढे अंधारी. म्हणून यावरचा उपाय 'शांत हो, अंग सैल सोड' असा नाही, बरोबर उलटा आहे. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान ओस्ट यांनी १९८०च्या दशकात ही पद्धत बसवली: हात, पाय, पोट यांचे स्नायू दहा-पंधरा सेकंद घट्ट आवळायचे, चेहऱ्याला ऊब जाणवली की सोडायचे, अर्धा मिनिट थांबून पुन्हा. दाब पडायच्या आधीच वर धरून ठेवायचा. मी स्वतः लसीच्या सुईला घाबरणाऱ्या पेशंटना हे शिकवते आणि त्याचा गुण येतो.

आता याचा कथेत वापर बघ. पहिल्या सीझनचा शेवटचा भाग, नावच 'हीमोफोबिया', म्हणजे रक्ताचं भय. पीटर क्रॉंक या शाळकरी मुलाची प्लीहा फुटते, आत रक्तस्राव, हॉस्पिटल लांब. वळणावळणाच्या रस्त्यावर रुग्णवाहिकेतच एलिंगहॅमला मुलाचं पोट उघडावं लागतं. ओकारी दाबून, घामाने निथळत तो हात आत घालतो आणि रक्तवाहिनी धरून ठेवतो. लुइसा शेजारी असते. क्लून्सचा चेहरा बघ त्या वेळी. काही बोलत नाही, नुसता तोंड घट्ट मिटून श्वास घेतो. तो सर्जन म्हणून सगळं जाणतो आणि त्याचंच शरीर त्याला साथ देत नाही.

परतीच्या टॅक्सीत दोघं एकमेकांना बिलगतात, पहिलं चुंबन, सहा भाग आपण ज्याची वाट पाहिली ते. आणि पुढच्याच क्षणी हा गृहस्थ तिच्या श्वासाला वास येतो म्हणून त्याची वैद्यकीय कारणं सांगायला लागतो! ती त्याला भर रस्त्यात टॅक्सीतून उतरवते. एका भागात जीव वाचवणं आणि माणूस दुखावणं दोन्ही. बॅमफर्डला रक्ताचं भय नव्हतं, त्याचे हात कामात बिनधास्त बरबटत. त्याच्या वाट्याला असा भाग येणं शक्यच नव्हतं.

सदानंद_के

मंजिरीताई, तुमचा मुद्दा कळतो, तरी माझं मत सांगतो. स्कायचे ते दोन चित्रपट मी पाहिले आहेत. त्यांत गाव जास्त जिवंत आहे. लोक एकमेकांची उणीदुणी काढतात, पण डॉक्टर त्यांच्यात बसून पितो, त्यांच्या कटात सामील होतो. मालिकेत गावकरी पुष्कळदा नुसते विक्षिप्त वाटतात, डॉक्टरला वैताग आणण्यापुरते. बर्ट लार्जचा दर भागात नवा धंदा, पोलीस पेनहेलचा दर भागात नवा घोळ. आणि डॉक्टर-लुइसा या नवराबायकोचं ते जवळ येणं-दूर जाणं सहाव्या-सातव्या सीझनपर्यंत ताणलं. बॅमफर्डला आणखी चार भाग मिळाले असते तर मला आवडलं असतं.

मंजिरी_डेव्हन

सदानंदजी, ताणल्याबद्दल तुमच्याशी सहमत. सातव्या सीझनमधले समुपदेशनाचे भाग मलाही जड गेले. १० सीझन, ७९ भाग म्हणजे काही ठिकाणी पीठ पातळ होणारच.

पण विक्षिप्त गावकऱ्यांबद्दल मी भांडेन. मिसेस टिशेल घ्या, औषधांच्या दुकानातली. गळ्यात मानेचा पट्टा, डॉक्टरवर एकतर्फी प्रेम. सुरुवातीला ती हशा पिकवण्यापुरतीच आहे. पाचव्या सीझनच्या शेवटी ती डॉक्टरचं तान्हं बाळ घेऊन पळते आणि एका पडक्या किल्ल्यात जाऊन बसते, तेव्हा ज्या वेडावर आपण चार सीझन हसलो तो आजार होता हे लक्षात येतं. आणि तिला समजावताना एलिंगहॅम आयुष्यात पहिल्यांदा लुइसाबद्दल मनातलं बोलतो. सेलिना कॅडेलने हे दोन्ही सूर सांभाळले आहेत. बर्टचं काम करणारा इयन मॅकनीसही तसाच, त्याच्या प्रत्येक फसलेल्या धंद्यामागे मुलाला काहीतरी देऊन जायची धडपड आहे.

एक गोष्ट तुम्ही बरोबर पकडलीत: स्कायच्या चित्रपटांत गावात मिसळण्याची ऊब होती. ती पुढे पूर्ण गेली नाही, जोन आत्याकडे सोपवली गेली. जोनचं काम करणारी स्टेफनी कोल पुढे मालिकेतून बाहेर पडली, तेव्हा पाचवा सीझन जोनच्या अंत्यविधीने उघडला आणि आयलीन ॲटकिन्स रूथ आत्या म्हणून आली. रूथ मनोविकारतज्ज्ञ, स्वतःच थंड आणि रोखठोक. जोन गेल्यावर डॉक्टरभोवती मायेचं माणूस उरत नाही, त्याच्याच जातकुळीचं माणूस येतं. पुढच्या सीझनचा गारठा मला तिथून जाणवतो.

जुन्या संचातून नव्यात आलेले नट फारच थोडे. क्लून्स सोडला तर त्यांत ट्रिस्टन स्टरॉक आणि टोनी मॉड्सली आहेत. स्टरॉक म्हणजे लुइसाचा तो देवभोळा जुना मित्र डॅनी.

ओंकार_र

मंजिरीताई, डोकं स्वच्छ झालं. आता दोन छोटे प्रश्न. बाकीचं कोणत्या क्रमाने पाहू? आणि मी ऐकलंय की इतर देशांनीही आपापला डॉक मार्टिन काढला आहे. त्यांनी कोणता डॉक्टर उचलला, हसरा की तिरसट?

मंजिरी_डेव्हन

तिरसट. सगळ्यांनी तिरसटच. म्हणून तर मला वाटतं आयटीव्हीचा आग्रह बरोबर होता.

स्पेनमध्ये 'डॉक्टर मातेओ' झाली, उत्तरेकडच्या अस्तुरियास प्रांतात लास्त्रेस या समुद्राकाठच्या गावात चित्रित केलेली. जर्मनीत ॲक्सेल मिलबर्गचा 'डॉक्टर मार्टिन', फ्रान्समध्ये तिएरी लेर्मीतचा, नेदरलँड्समध्ये 'डॉक्टर टिनस', चेक प्रजासत्ताकात मिरोस्लाव दोनुतिलचा. ग्रीसनेही एक केला. चेक लोकांकडे तर समुद्र नाही, त्यांनी डोंगरातलं गाव घेतलं आणि तरी जमलं. समुद्र नसला तरी गोष्ट अडत नाही, अडेल ती डॉक्टर गोड झाला तर. अमेरिकेतल्या फॉक्स वाहिनीने 'बेस्ट मेडिसिन' नावाने मेन राज्यात बेतलेली आवृत्ती काढली आहे, त्यात जॉश चार्ल्स आहे.

क्रमाबद्दल: आता मागे वळून स्कायचे दोन चित्रपट लगेच पाहू नका. तुमचे तीन सीझन झालेत ना, मग चौथा आणि पाचवा पाहून घ्या, मिसेस टिशेलचा तो शेवट ताज्या मनाने यायला हवा. मधे २००६चा 'ऑन द एज' हा जास्त लांबीचा विशेष भाग सुटला असेल तर तो तिसऱ्या सीझनच्या आधीचा आहे, तोही बघून घ्या. मग २००१चा चित्रपट लावा. तोपर्यंत एलिंगहॅम तुमच्या अंगवळणी पडलेला असेल, आणि त्याच गल्ल्यांतून, त्याच चेहऱ्याचा माणूस टाय सैल सोडून चालताना दिसला की क्लून्स किती मोठा नट आहे ते कळेल. तेच शरीर, तेच मोठे कान, तोच आवाज. एलिंगहॅम करताना तो फक्त मान ताठ करतो, हात अंगाला चिकटवतो आणि डोळ्यांची उघडझाप कमी करतो.

सहावा-सातवा सीझन सदानंदजी म्हणतात तसा जरा धिम्या गतीने घ्या. दहावा मात्र चुकवू नका, २०२२चा. नवव्याच्या शेवटी त्याने डॉक्टरकी सोडलेली असते, आणि दहाव्यात रक्ताच्या भयाचा प्रश्न पुन्हा समोर उभा राहतो. त्यावर त्याने काय ठरवलं ते इथे लिहीत नाही. बघून झालं की याच धाग्यावर या, मला तुमचं मत ऐकायचं आहे.